संध्याकाळी हमिंग, रात्री ट्रान्सफॉर्मर गरम: घरच्या ट्यूब हेडफोन अॅम्पच्या व्होल्टेजची कटकट

तक्रार सगळ्यांची सारखीच असते. सकाळी ट्यूबचा (व्हॉल्वचा) हेडफोन अॅम्प्लिफायर, म्हणजे अॅम्प, एकदम मस्त वाजतोय, संध्याकाळी सात-साडेसातला दोन्ही कानात बारीक हमिंग सुरू होतंय, रात्री अकरानंतर हमिंग गायब पण ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवता येत नाही इतका गरम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत सगळं बरोबर. मग माणूस काय करतो, ट्यूब बदलतो. नवीन ट्यूब रविवारी सकाळी निवांत बसून लावली की हमिंग नसतंयच, म्हणजे जुनी ट्यूबच खराब होती असं पक्कं ठरतं, आणि संध्याकाळी परत तेच रडगाणं. लॅमिंग्टन रोडवरनं नाहीतर बेंगळूरच्या एसपी रोडवरनं मागवलेल्या ट्यूबा डब्यात साठत जातात आणि रोग जिथल्या तिथं.

ट्यूब खराब होत नाही असं नाही, होते की. पण ट्यूबला घड्याळ कळत नाही. जो बिघाड ठराविक वेळेला येतो आणि ठराविक वेळेला जातो तो बहुतेक वेळा बाहेरनं, भिंतीतनं यायलाय असं धरून चाला. म्हणून माझा एकच हट्ट आहे, आतलं कुठलंही रीडिंग कागदावर लिहिताना त्याच्या शेजारी त्याच मिनिटाचं प्लगमधलं व्होल्टेज लिहा. नुसतं "बी प्लस १५२ यायलाय, काय करू" असं कोण विचारलं (बी प्लस म्हणजे ट्यूबना चालवणारं मोठं डीसी व्होल्टेज, हायटेन्शन) तर त्याला उत्तर देता येत नाही. १५२ हे बरोबर पण असू शकतंय आणि चूक पण.

आपल्याकडं बेळगाव भागात २३० चा सप्लाय म्हणजे नावाला २३०. वडगाव-खासबागकडं घरं आणि माग एका लायनीवर, येळ्ळूरकडं भातशेती, चिकोडी-निपाणीच्या बाजूला ऊस म्हणजे पंप आलेच, आणि गणपतीत गल्लीत मंडपाची लायटिंग चढली की मग विचारूच नका. संध्याकाळी १९० आणि मध्यरात्री २५० हे एकाच प्लगमध्ये एकाच दिवसात बघायला मिळतंय. लायनमनला बोलावलं तर तो टेस्टर टेकवणार, टेस्टर पेटणार, आणि "सरी ऐति री" (बरोबर आहे) म्हणून तो पुढच्या खांबाकडं. टेस्टर १७० ला पण पेटतो आणि २७० ला पण पेटतो, त्याच्यावर काही ठरवू नका. जुने व्हॉल्व रेडिओवाले मेकॅनिक बेंचवर एसीचा मीटर कायम टांगून ठेवायचे ते उगीच नव्हतं. आता तर प्लगमध्ये खोचायचा डिजिटल मीटर दोन-तीनशे रुपयाला मिळतो, तो अॅम्पच्या शेजारच्या सॉकेटमध्ये खोचून ठेवा आणि काढूच नका.

आता हिशोब. साधा ट्रान्सफॉर्मर, साधा ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नाही अशा सप्लायमध्ये सगळी व्होल्टेज भिंतीबरोबर वरखाली होतात, जवळजवळ त्याच प्रमाणात. म्हणून आलेलं रीडिंग २३० नं गुणायचं आणि त्या वेळच्या भिंतीतल्या व्होल्टेजनं भागायचं. वरचं १५२ च घ्या, भिंतीत त्या वेळी २०५ असेल तर १५२ गुणिले २३० भागिले २०५, येतंय १७० च्या आसपास, आणि पुढं दिलेल्या सर्किटला तेवढेच हवेत. म्हणजे अॅम्प ठणठणीत आहे, सोल्डरिंग गन खाली ठेवा. तेच भिंतीत २३५ असताना १५२ आलं तर मात्र आत काहीतरी आहे.

पुढं जे आकडे देतोय ते एका नेहमीच्या सर्किटचे आहेत, तुमचं वेगळं असेल तर तुमच्या सर्किटच्या कागदावरचे आकडे घ्या, पद्धत तीच. ट्यूबमध्ये तापवणारा हीटर, करंट सोडणारा कॅथोड, तो आवरणारा ग्रिड आणि तो झेलणारी प्लेट असते. पहिली ट्यूब १२एयू७, तिचा एक अर्धा डाव्याला एक उजव्याला, प्लेटला २२ के (के म्हणजे हजार ओहम), कॅथोडला लाल एलईडी. तिच्या प्लेटवरनं सरळ, मध्ये कंडेन्सर न घालता, दुसऱ्या ट्यूबच्या, ६०८० च्या ग्रिडला. ६०८० कॅथोड फॉलोअर, म्हणजे आउटपुट कॅथोडवरनं, कॅथोडला ३ के १० वॅटचा रेझिस्टन्स, तिथनं १०० एमएफडी (मायक्रोफॅरड) २५० व्होल्टचा कंडेन्सर आणि पुढं हेडफोन. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही, ३०० ओहमचा हेडफोन. हायटेन्शनसाठी १५० व्होल्टचं वाइंडिंग, ब्रिज, २२० एमएफडी, मग २०० ओहम ५ वॅट, परत २२० एमएफडी. ६०८० च्या हीटरला ६.३ व्होल्ट एसी, आणि हमिंग नको म्हणून १२एयू७ च्या हीटरला ९ व्होल्टच्या वेगळ्या वाइंडिंगवरनं एलएम३१७ हा रेग्युलेटर आयसी लावून ६.३ डीसी. भिंतीत २३० असताना पहिल्या कंडेन्सरवर साधारण १८५, दुसऱ्यावर १७०, १२एयू७ च्या प्लेटवर ७५ ते ९०, ६०८० च्या कॅथोडवर ९५ ते ११०. एवढे आकडे लक्षात ठेवले की बाकी सगळं ह्याच्यावरनं निघतंय.

हात घालायच्या आधी एक सांगतो आणि हे टाळून पुढं जाऊ नका. १७० व्होल्ट डीसी म्हणजे खेळ नाही. अॅम्प बंद केला, प्लग काढला, तरी ४४० एमएफडी भरलेले असतात. २२० के चा ब्लीडर (कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टन्स) असेल तर १० व्होल्टच्या खाली यायला साडेचार मिनिटांच्या वर लागतात, आणि ब्लीडरच नसेल तर किती वेळ भरून राहील त्याचा नेम नाही. हीटर न पेटलेली ट्यूब तर करंट ओढतच नाही त्यामुळं कंडेन्सर तसाच. मीटरची काळी वायर क्रोकोडाइल क्लिपनं चासीला लावून टाका, लाल प्रोब एका हातात, दुसरा हात खिशात, आणि हेडफोन काढलेला. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडून डिस्चार्ज करायची सवय असेल तर सोडा, २ के ५ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड वायरी लावून ठेवा, त्यानं करा, आणि मग मीटरनं बघा शून्य झालं का.

पहिलं बघायचं हीटर. लोक सरळ बी प्लसवर उडी मारतात पण ट्यूबचा जीव हीटरमध्ये. ६.३ ला दहा टक्के कमीजास्त चालतंय, म्हणजे ५.७ ते ६.९, पण रोजचं पाच टक्क्यात ठेवलं तर ट्यूब जास्त टिकतात. आता बघा, रेग्युलेटर नसलेल्या हीटरला हे दहा टक्के म्हणजे भिंतीत २०७ ते २५३. म्हणजे संध्याकाळच्या १९० ला हीटरवर ५.२ यायलाय आणि ट्यूब अर्धवट तापून चाललीय. रात्री २५० ला ६.८५, कडेला जाऊन टेकलं. आणि जर ट्रान्सफॉर्मर २२० प्रायमरीचा असेल, ऑनलाइन मागवलेल्या किटमध्ये बऱ्याचदा तसाच असतो, तर २४५ लाच हीटर ७ व्होल्टवर गेला. रात्री ट्रान्सफॉर्मर तापतोय आणि गुणगुणतोय त्याचं कारण पण हेच, लोखंडी कोर सॅच्युरेशनच्या, म्हणजे चुंबकत्व भरून जायच्या, जवळ जातोय, आणि टोरॉइड (गोल कड्याचा ट्रान्सफॉर्मर) असेल तर तिथं करंट एकदम उसळी मारतो. हे गुणगुणणं कानातलं नव्हे, डब्यातनं येणारं. हेडफोन काढून पण ऐकू येत असेल तर ते ट्रान्सफॉर्मरचं, आणि ट्यूब बदलून ते जाणार नाही.

हीटरचं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या टोकावर मोजू नका, सॉकेटच्या पिनवर मोजा. ६०८० ला एकटीला अडीच अँपिअर लागतात. सॉकेटची पिन ढिली, वायर बारीक, टॅग स्ट्रिपवर ड्राय सोल्डर, कुठंही दहावा हिस्सा ओहम लपला की पाव व्होल्ट तिथंच गेला. ट्रान्सफॉर्मरवर ६.३ आणि पिन ७-८ वर ५.९ असं दिसलं तर उत्तर सापडलं. दोन्हीकडं ५.८ असेल आणि भिंतीत २३० असेल तर वाइंडिंगच अपुरं. इथं एक सांगून ठेवतो, उद्यमबागेच्या आजूबाजूला नाहीतर गावात कुणाकडनं ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेणार असाल तर "सहा पॉइंट तीन" एवढंच सांगून येऊ नका. मोटारी बांधणारा माणूस तुम्हाला मोकळ्या टोकावर ६.३ देतो आणि तीन अँपिअर ओढले की ते साडेपाचवर बसतंय. "३ अँपिअर लोडवर ६.३" असं चिठ्ठीवर लिहून द्या, आणि प्रायमरीला २२०, २३०, २४०, २५० असे टॅप (त्या त्या व्होल्टेजसाठी वेगळी टोकं) काढायला सांगा. थोडे पैसे जास्त जातात पण हे टॅप आपल्या भागात सोन्यासारखे आहेत.

१२एयू७ च्या हीटरची एक गंमत आहे. तिच्यात दोन हीटर सिरीजमध्ये असतात, ४ आणि ५ ही टोकं, ९ मध्य. १२.६ द्यायचे असतील तर ४-५ मध्ये, ६.३ द्यायचे असतील तर ४ आणि ५ जोडून एकीकडं आणि ९ दुसरीकडं. कुणी ६.३ व्होल्ट नुसते ४-५ मध्ये दिले असतील तर ट्यूब मंद पेटते, प्लेट व्होल्टेज वर चढून बसतं आणि आवाज बसका. आणि दिसायला तशीच, पिनाही नऊ म्हणून तिथं ६डीजे८ किंवा ६९२२ खोचून बघणारे पण आहेत, तिला हीटर ४-५ मध्येच हवा, ९ ला तिथं आत शील्ड असते. ४-५ जोडलेल्या सॉकेटमध्ये ती पेटणारच नाही.

आता संध्याकाळच्या हमिंगकडं येऊ. वरच्या सर्किटमध्ये हमिंगचा पहिला संशयित मी कायम त्या एलएम३१७ ला धरतो, जी हमिंग घालवायलाच लावलेली असते. ३१७ ला आउटपुटपेक्षा इनपुटला दोन व्होल्ट तरी जास्त लागतात, म्हणजे ६.३ हवे असतील तर इनपुटला कायम ८.३ च्या वर, आणि कायम म्हणजे रिपलच्या, डीसीवर उरलेल्या चढउताराच्या, खालच्या टोकाला पण. ९ व्होल्ट एसीचं पीक (सगळ्यात वरचं टोक) १२.७, साध्या ब्रिजमध्ये पावणेदोन व्होल्ट जातात, राहिले ११ च्या जवळ. २२०० एमएफडीवर ०.३ अँपिअर ओढले की रिपल साधारण एक व्होल्टचा. भिंतीत २३० असताना खालचं टोक दहाच्या जवळ, काही अडचण नाही. भिंतीत २०० झाले की तेच खालचं टोक सव्वाआठला टेकतं आणि त्याच्या खाली गेलं की रेग्युलेटर सांभाळणं सोडतो, प्रत्येक सायकलला दोनदा आउटपुट खाली वाकतो, म्हणजे १०० हर्ट्झचं हमिंग सरळ हीटरमध्ये. रात्री गावातली लाइट बंद झाली, मोटारी थांबल्या, भिंतीत २२० च्या वर गेलं की बंद. ट्यूबचा काही संबंध नाही.

ओळखायचं कसं? मीटर एसीवर टाका आणि ३१७ च्या आउटपुटवर लावा, आधी सकाळी आणि मग संध्याकाळी. सकाळी जवळजवळ शून्य आणि संध्याकाळी काहीशे मिलिव्होल्ट दिसले तर झालंच. मीटर स्वस्तातला असेल तर एसी रेंजवर डीसीचा आकडाच दाखवतो, तेव्हा प्रोबच्या सिरीजमध्ये ०.१ चा कंडेन्सर घाला. इलाज तीन आहेत आणि तिन्ही स्वस्त. २२०० च्या जागी ४७०० एमएफडी घातला की रिपल अर्धा होतो आणि भिंतीत १९० पर्यंत गाडी चालते. ब्रिजचे डायोड शॉटकी (कमी व्होल्ट खाणारे) केले की अजून एक व्होल्ट हातात येतो आणि १७५ पर्यंत निभावतं. आणि ३१७ काढून लो ड्रॉपआउटचा एलएम१०८४ टाकला तर अजून थोडी सवलत, फक्त त्याच्या आउटपुटचा कंडेन्सर डेटाशीटमध्ये सांगितलाय तेवढा घाला, नाहीतर तो स्वतःच नाचायला (ऑसिलेट व्हायला) लागतो. मी म्हणेन आधीचे दोन करा. रेग्युलेटर बदलायची घाई नको, कारण १७५ च्या खाली ६०८० चा एसी हीटर तसाही धड पेटत नाही. आणि जे काही कराल त्यात हीट सिंक विसरू नका, रात्री २५० ला तोच ३१७ दीड वॅट खातो आणि ६०८० च्या शेजारच्या गरम डब्यात हीट सिंकशिवाय तो भाजून निघतो.

हमिंग ५० चं का १०० चं हे आधी ठरवा, त्यानं अर्धं काम होतंय. फोनवर फुकटचं स्पेक्ट्रम अॅप टाका, हेडफोनचा कप फोनच्या माइकला चिकटवा, आवाजाचा नॉब शून्यावर. टोक १०० ला दिसलं तर सप्लायचा रिपल, हायटेन्शनचा नाहीतर त्या डीसी हीटरचा. ५० ला दिसलं तर एसी हीटरचं, नाहीतर ग्राउंड लूप (ग्राउंडच्या दोन वाटांत फिरणारा करंट), नाहीतर ब्रिजमधला एक डायोड गेलाय आणि सगळं हाफ वेव्हवर चाललंय. आणि हे गाणं लावून तपासू नका. आमच्याच सुळेभावीचे कुमार गंधर्व लावून बसला तर तानपुऱ्यात हमिंग असं मिसळून जातंय की चांगल्या कानाला पण पत्ता लागत नाही, माणूस म्हणतो काय भरीव आवाज आहे.

५० निघालं तर एक गोष्ट आधी बघा, ६.३ एसीचं वाइंडिंग कुठंतरी बांधलंय का. सेंटर टॅप ग्राउंडला किंवा टॅप नसेल तर दोन्ही टोकांवरनं शंभर-शंभर ओहमचे दोन रेझिस्टन्स ग्राउंडला. हे राहिलं असेल तर वाइंडिंग हवेत लटकतंय, मीटरनं चासीशी मोजलं तर कायच्या काय आकडे येतात, आणि हमिंग कधी कमी कधी जास्त. इन्व्हर्टरवर गेल्यावर बदलतं, पंखा लावल्यावर बदलतं. दोन रेझिस्टन्सचा खर्च दोन रुपये.

बी प्लसकडं आता. इथं सगळ्यात कामाचा पार्ट म्हणजे तो मधला २०० ओहमचा रेझिस्टन्स, कारण तो फुकटचा अॅमीटर आहे. त्याच्या दोन टोकांमध्ये १५ व्होल्ट म्हणजे ७५ मिलिअँपिअर, बरोबर. बी प्लस कमी आणि ह्याच्यावर २५ व्होल्ट, म्हणजे ट्यूबा जास्त ओढायल्यात किंवा दुसरा कंडेन्सर लीक आहे. बी प्लस कमी पण ह्याच्यावर १५ पेक्षा कमीच, म्हणजे दोष अलीकडं, डायोड, पहिला कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर किंवा भिंत. बी प्लस २०५-२१० आणि ह्याच्यावर काहीच नाही, म्हणजे ट्यूबा ओढतच नाहीत, हीटर बघा. आणि चालू केल्याकेल्या पहिल्या अर्ध्या मिनिटात असं दिसणारच, सिलिकॉन डायोड लगेच व्होल्टेज देतात आणि ट्यूब तापायला वेळ घेते, त्याला बिघाड समजू नका. पण ह्याच्यामुळंच २५० व्होल्टचे कंडेन्सर घालायचे, २०० चे नाहीत. रात्री भिंतीत २५० असताना थंड ट्यूबवर २३० पर्यंत जातंय.

त्याच अर्ध्या मिनिटात अजून एक होतं. १२एयू७ थंड म्हणून तिची प्लेट पूर्ण बी प्लसवर, ती सरळ ६०८० च्या ग्रिडला जोडलेली, आणि ६०८० चा कॅथोड अजून शून्यावर. ग्रिड आणि कॅथोडमध्ये दोनशे व्होल्ट, आणि कधी कधी आत निळी ठिणगी दिसते. ग्रिड ते कॅथोड एक छोटा निऑन दिवा लावून सोडा, टेस्टरमध्ये असतो तसला, तो सत्तर-ऐंशी व्होल्टला पेटतो आणि तेवढ्यावरच रोखतो, ट्यूब तापली की विझतो आणि मग सर्किटमध्ये असून नसल्यासारखा. लाइट जाऊन-येऊन करणाऱ्या गावात दिवसातनं किती वेळा ही थंड सुरुवात होते बघा.

लाइट गेल्यावरचं निघालंच तर इन्व्हर्टर. हा एक असा प्रकार आहे की मीटर खोटं बोलतो आणि माणूस चक्रावतो. घरातला जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याचं आरएमएस (तापवायच्या हिशोबानं धरलेलं व्होल्टेज) २३० असलं तरी पीकही २३० च, साइन वेव्हसारखं ३२५ नाही. हीटरला आरएमएस कळतं, तो बरोबर पेटतो. पण बी प्लसचा कंडेन्सर पीकवर भरतो, म्हणून १७० च्या जागी १३० च्या आसपास. ९ व्होल्टच्या वाइंडिंगचं पण तेच, ३१७ ला पुरत नाही, पण स्क्वेअरमध्ये रिपल फारसा नसतो त्यामुळं हमिंग येत नाही, नुसता आवाज दबून जातो आणि आपल्याला वाटतं ट्यूब म्हातारी झाली. वर साधा मीटर, ट्रू आरएमएस नसलेला, स्क्वेअर वेव्हला ११ टक्के जास्त दाखवतो, म्हणजे खरे २३० असताना २५५ वाचतोय. म्हणजे "व्होल्टेज तर उलट जास्त आहे आणि बी प्लस कमी" असं कोडं. कोडं काही नाही. वरचं गुणाकार-भागाकाराचं सूत्र इन्व्हर्टरवर लावू नका, रीडिंग घेताना अॅम्प सरळ लायनीवर ठेवा आणि कागदावर लायन का इन्व्हर्टर ते पण लिहा.

सप्लाय बरोबर निघाला तर मग ट्यूबच्या पिना. ह्या सर्किटमध्ये दुसरी ट्यूब पहिलीच्या मागं मागं जाते, म्हणून ६०८० वर चुकीचं काही दिसलं की आधी १२एयू७ ची प्लेट, पिन १ आणि ६. एका बाजूला ८२ आणि दुसऱ्या बाजूला १७०, तर त्या बाजूची ट्यूब करंट ओढत नाही. एलईडी तुटली, उलटी लागली, सॉकेटची कॅथोड पिन ३ किंवा ८ लागत नाही, किंवा ट्यूबचा तो अर्धा मेला. अशा वेळी ६०८० चा कॅथोड १३० च्या वर गेलेला असतो आणि तो ३ के चा रेझिस्टन्स वास मारतो. तिथं ६०८० बदलून काय होणार? उलट प्लेटवर ५५ च्या आसपास दिसलं तर कॅथोड बघा, एलईडीवर १.६ ते १.८ हवेत, शून्य असेल तर एलईडी शॉर्ट किंवा सोल्डरचा थेंब. एलईडी बरोबर असूनही प्लेट खाली असेल तर ग्रिडवर डीसी येतोय, आधीच्या डॅकच्या (डिजिटलचं अॅनालॉग करणाऱ्या डब्याच्या) आउटपुटमधनं पण येऊ शकतंय, इनपुटची वायर काढून परत मोजा. डावी-उजवी अदलाबदल होत नाही कारण दोन्ही अर्धे एकाच ट्यूबमध्ये, म्हणून दुसरी १२एयू७ एक हातात हवीच. दोष नव्या ट्यूबबरोबर पण त्याच बाजूला राहिला तर ट्यूब निर्दोष. डाव्या-उजव्यात पाच-सात व्होल्टचा फरक असेल तर सोडून द्या, तो कानाला कळत नाही, त्याच्या मागं लागून चांगलं सोल्डर उकरू नका.

हेडफोन लावायच्या आधी जॅकवर डीसी. आउटपुट कंडेन्सरच्या पलीकडनं ग्राउंडला २.२ के चा रेझिस्टन्स असायलाच पाहिजे, नसेल तर कंडेन्सर हेडफोन लावताना हेडफोनमधनंच भरतो आणि ठप्पकन आवाज येतो. चालू केल्यावर एक-दोन मिनिटांनी जॅकवर १०-२० मिलिव्होल्टच्या आत हवं. महिनोन् महिने बंद पडलेल्या अॅम्पमध्ये सुरुवातीला जास्त दिसेल, कंडेन्सर फॉर्म व्हायला, म्हणजे त्याचं लीकेज कमी व्हायला, वेळ लागतो, तासभर चालू ठेवून बघा. तासानंतर पण शंभर मिलिव्होल्टच्या वर असेल तर तो कंडेन्सर बदला, त्याच्यावर हेडफोन लावू नका, हेडफोन अॅम्पपेक्षा महाग असतो.

भिंतीचंच दुखणं आहे हे ठरल्यावर करायचं काय. संध्याकाळी १८०-१९० ला पडणाऱ्या ठिकाणी स्टॅबिलायझर घ्या पण रिलेवाला टप्प्याटप्प्यानं उडी मारतो, प्रत्येक उडीला कानात टक् होतं, आणि फ्रिजबरोबर एकाच स्टॅबिलायझरवर अॅम्प लावू नका. ज्यांच्याकडं उलटं, कायम २४५-२५० असतंय, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी राहणाऱ्यांचं असंच असतं, त्यांनी बक ट्रान्सफॉर्मर करावा. साधा १२ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, प्रायमरी लायनीला, आणि सेकंडरी अॅम्पच्या प्रायमरीच्या सिरीजमध्ये उलट्या फेजनं, की २४५ चे २३२ होतात. अख्खा अॅम्प पाव अँपिअरच्या आत चालतो त्यामुळं १ अँपिअर भरपूर. फेज चुकली तर २४५ चे २५८ होतात, म्हणून अॅम्प न लावता आधी बाहेर मोजा, चुकलं असेल तर सेकंडरीची टोकं उलटी करा. हे सगळं लायनीचं व्होल्टेज आहे, बंद डब्यात, फ्यूजसकट. आणि प्लगमधला मीटर कधी अचानक २८०-३०० दाखवायला लागला, घरातले बल्ब काही भगभग काही मंद, तर ते न्यूट्रल ढिला झाल्याचं लक्षण आहे, अॅम्पचं नंतर बघू, आधी मेन स्विच पाडा.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर खानापूरच्या बाजूला भिंतींना ओल येते तिथं अॅम्पचं काय. व्होल्टेज सकाळीच चुकतंय आणि तासभर तापल्यावर सुधारतंय असा उलटा प्रकार असेल तर ओल आणि फ्लक्स, सोल्डर करताना उरलेला चिकटा. १२एयू७ ची पिन १ प्लेट आणि पिन २ ग्रिड शेजारी शेजारी, मध्ये न पुसलेला फ्लक्स ओल धरून बसला की तिथनं शंभर मेगओहम जरी लीक झालं तरी १ मेगच्या ग्रिड रेझिस्टन्सवर पाऊण व्होल्टच्या आसपास पॉझिटिव्ह येतात आणि प्लेट घसरते. ग्रिडवर थेट मोजताना पण जपून, मीटरचे १० मेग त्या १ मेगला समांतर येतात, आकडा थोडा कमी दिसतो. मोजत बसण्यापेक्षा व्हॉल्यूमचा नॉब फिरवा, खरखर येत असेल तर तिथं डीसी आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, सॉकेटच्या दोन्ही बाजू घासून काढा, हेअर ड्रायरनं वाळवा, आणि दुसऱ्या दिवशी थंड असतानाच परत पिन १ आणि ६ मोजा, शेजारी भिंतीतलं व्होल्टेज लिहून.